कोकनीची डोकी

मेरिडियन, आयडाहो
६ जून २००४

अहो,

फोनवर ईशानचं नाव निघालं की तुम्ही रिसीव्हर ठेवता, म्हणून आता पत्र लिहिते. फाडायचं असेल तर फाडा, पण आधी वाचणार हे मला माहीत आहे. वाण्याची पुडी सोडल्यावर तिचा कागदसुद्धा तुम्ही वाचल्याशिवाय टाकत नाही.

मी बरी आहे. गुडघा बरा आहे. इथे घाम नाही, डास नाहीत, शेजारीही नाहीत. म्हणजे आहेत, पण त्यांच्या गाड्याच तेवढ्या दिसतात. ईशानचं घर मोठं आहे आणि सध्या आम्ही दोघंच. प्रीता थोडे दिवस वेस्ट विंडसरला तिच्या आईकडे गेली आहे. तिचं तिकडे काही काम होतं.

ईशान जरा वाळलाय. ऑफिसला जातो, येतो, टीव्हीसमोर बसतो. टीव्ही लावायचा मात्र विसरतो. काय झालं विचारलं की म्हणतो, मी ठीक आहे. सुनेचं काम आणि मुलाचं ठीक, दोन्हींवर मी विश्वास ठेवायचं ठरवलं आहे.

एक चांगली बातमी आहे. शनिवार-रविवार तो पहाटे उठून सिडार फोर्क नावाच्या तलावावर मासे धरायला जातो. दचकू नका. मीही आधी दचकलेच होते. मौजेखातर जात नाही, कामासाठी जातो. डॉना म्हणून एक बाई आहे, माशांचा अभ्यास करते. या तलावात सामनची एक जात आहे, ती समुद्र कधी बघतच नाही, जन्मभर गोड्या पाण्यात राहते. तिचं नाव कोकनी. हो, मलाही हसू आलं. तर ही कोकनी काही वर्षांपासून वाढेनाशी झाली आहे, वीतभर होते आणि थांबते. असं का होतं ते डॉनाला शोधायचंय. तिच्याकडे माणसं कमी, म्हणून गळ टाकायला येणाऱ्या हौशी लोकांनाच तिने हाताशी धरलं आहे. त्यांनी मासा धरायचा, मोजायचा आणि तिला कळवायचं. ईशानला मोजमापाची आवड पहिल्यापासूनच. तुमचाच मुलगा.

अडीच वर्षांनी त्यानं रॉड हातात घेतला आहे. गळाला तुम्ही शिकवलेलीच गाठ मारतो, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. त्याला एक ओळ लिहा. गाठीबद्दल लिहा, हवेबद्दल लिहा. रागावून लिहिलंत तरी चालेल. पण लिहा.

शुभा


४ जुलै २००४

अहो,

तुमचं पत्र आलं. नारळ उतरवले, मागच्या पडवीची कौलं परतली, अनिल भावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, मांजरीला तीन पिल्लं झाली. मांजरीच्या पिल्लांचे रंगसुद्धा लिहिलेत. आपल्या मुलाचं नाव पत्रात कुठेही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुमच्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं.

मागच्या पत्रात मीही थोडं झाकून ठेवलं होतं. प्रीता कामासाठी गेलेली नाही. ती फेब्रुवारीतच गेली. मी तिला फोन केला. पोरगी वाईट नाही, फोनवर रडली. म्हणाली, "आई, आय ट्राइड. ही जस्ट डझन्ट टॉक. मी वॉलशी किती दिवस बोलू?" मी तर दुसऱ्या एका भिंतीशी तीस वर्षं संसार केला आहे.

आज इथला स्वातंत्र्यदिन. बाहेर फटाके वाजतायत आणि ईशान आत अंधारात बसलाय. तेव्हा लिहूनच टाकते. आपण दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही, म्हणून ते घडलं नाही असं होत नाही.

त्या जानेवारीत ईशान सुट्टीवर आला होता. श्रीरामनं हट्ट धरला की दादा, खाडीच्या तोंडाशी जाऊ, तिथे मोठे मासे लागतात. दोघं होडी घेऊन गेले. तोंडाशी लाट उठली, होडी उलटली. ईशान पोहत किनाऱ्याला लागला आणि श्रीराम आपल्याला दुसऱ्या दिवशी मिळाला. मोठा सुटला आणि धाकटा गेला, यात मोठ्याचं काय चुकलं हे मी देवाला अजून विचारते. आणि ईशान किनाऱ्याला लागला तेव्हा तुम्ही वाळूत उभे होतात. ईशान कुणाचा तरी पंचा गुंडाळून थरथरत होता आणि तुम्ही त्याला म्हणालात, "तू कशाला आलास?"

माणूस दुःखाच्या भरात काहीही बोलून जातो. त्याबद्दल मी तेव्हा तुम्हाला दोष दिला नाही. पण तुम्ही ते वाक्य परत घेतलं नाहीत आणि त्यानंतर त्याच्याशी दुसरं वाक्यही बोलला नाहीत. तो तेवढंच घेऊन इथे परत आला आहे.

डॉना मला भेटायला आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली की ईशान बोटीत लाइफ जॅकेट घालत नाही. धक्क्यावरून निघताना घालतो आणि वळण गेलं की काढून ठेवतो, दुसऱ्या बोटवाल्यांनी पाहिलंय. तिला आपल्याबद्दल काही माहीत नाही. तिला तो नुसता बेफिकीर वाटतो. मी हो हो म्हटलं आणि तिला चहा दिला.

आता कळलं ना मी कशासाठी लिहितेय? मला उरलेला मुलगा जिवंत हवा आहे. माझ्या बोलण्यानं ते होत नाही, मी करून पाहिलं. त्याला तुमचा आवाज हवा आहे.

शुभा


२५ जुलै २००४

अहो,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं. कुणाला सांगू? तुम्हालाच सांगते.

इथे गॅरेजमध्ये आणखी एक फ्रीझर आहे. त्यात मी कधी डोकावले नव्हते. बुधवारी वरच्या फ्रीजमधला मटार संपला म्हणून गेले आणि झाकण उघडलं. आत प्लॅस्टिकच्या लहान लहान पिशव्या गच्च भरलेल्या. प्रत्येक पिशवीत एक माशाचं डोकं आणि एक कागदाचा कपटा, त्यावर आकडे.

माझे डोळे भरून आले. का ते तुम्हाला कळेल, इथल्या कुणाला कळणार नाही. ही माणसं मासा खातात म्हणजे काटा काढून, कातडी सोलून वड्या करून खातात. डोकं टाकून देतात. मला वाटलं, हा मुलगा माझ्याशी बोलत नाही, पण आईला डोकी आवडतात हे विसरलेला नाही. सगळ्या बोटवाल्यांकडून मागून मागून त्यानं माझ्यासाठी साठवली आहेत. आपल्याकडे सुरमईचं डोकं कुणाच्या ताटात जायचं यावरून दोघं किती भांडायचे, आणि शेवटी तुम्ही ते माझ्या ताटात वाढायचात.

मी सगळी काढली. कपटे कचऱ्यात टाकले. त्याच सकाळी कचऱ्याची गाडी येऊन ते घेऊनही गेली. मोठ्या पातेल्यात कालवण केलं. नारळाचं दूध डब्यातलं, पण आमसुलं आपल्या घरची, मी येताना आणलेली. संध्याकाळी ईशान दार उघडून आत आला आणि बूट न काढता तिथेच उभा राहिला. म्हणाला, किती दिवसांनी असा वास आला. पानावर बसला, दोनदा भात मागून घेतला, बोटं चाटली. मी चार महिने त्याच्या तोंडाकडे बघतेय, पहिल्यांदा त्या तोंडावर माझा मुलगा दिसला.

मग त्यानं विचारलं, मासे कुठून आणलेस? आणि मी मोठ्या कौतुकानं सांगितलं.

तो उठला, गॅरेजमध्ये गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी गेले, तर रिकाम्या फ्रीझरचं झाकण धरून उभा. ती डोकी अभ्यासाची होती. ढोम्याच्या डोक्यात खडे असतात ना, तसे या माशाच्याही असतात, अगदी बारीक. त्यावर वर्षागणिक एक वळं उठतं, झाडाच्या खोडात असतं तसं. ते वळं आणि माशाची लांबी यावरून तो कोणत्या वर्षी किती वाढला ते समजतं. लांबी आणि तारीख त्या कपट्यावर. तलावावर येणाऱ्या सगळ्या हौशी लोकांनी धरलेल्या माशांची डोकी होती ती, मोसम सुरू झाल्यापासूनची. डॉनाच्या वाटेवर याचं घर, म्हणून तिनं ती सांभाळायला याच्याकडे दिली होती. नेण्याआधी मी ती शिजवून त्याला खायला घातली.

मी म्हटलं, ओरड माझ्यावर. खरंच सांगते, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो हळूच म्हणाला, "आई, तुझी चूक नाही. मला सांभाळायला दिलेलं माझ्याकडे टिकत नाही."

मी पातेल्यातले, ताटातले, मोरीच्या जाळीतले काटे गोळा केले आणि एकेक चाचपून खडे वेचायला बसले. तांदळाच्या कणीएवढे. तोही शेजारी येऊन बसला आणि वेचू लागला. बशीत बरेच जमले. मग म्हणाला, पण कोणता कुणाचा ते आता कळणार नाही, आणि उठून गेला.

शनिवारी डॉना आली. तो काही बोलायच्या आत मीच माझ्या इंग्रजीत पुढे झाले. म्हटलं, आय कुक हेड्स, ही नो फॉल्ट. तिला आधी कळेना. कळलं तेव्हा कपाळाला हात लावून पायरीवर बसली आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, असं कधी कुठे ऐकलं नव्हतं, पण मोसम अजून बाकी आहे, पुन्हा गोळा करू. कालवण उरलंय का तेही विचारलं. बाई गुणाची आहे. पण ईशान हसला नाही. त्यानं मोजपट्टी, पिशव्या, सगळं तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला की हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

त्याला धरून ठेवणारी एवढी एकच गोष्ट होती, ती मी आमसुलं घालून शिजवली. आता तुम्ही तरी काही करा.

शुभा


१५ ऑगस्ट २००४

अहो,

आता तो मासे मोजत नाही. तरीही तलावावर जातो. परवा रॉड गॅरेजमध्येच राहिला होता. विसरला की नेलाच नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

डॉक्टरकडे नेलं. गोळ्या दिल्यात. गोळ्या घेतो की नाही ते मी डबी हलवून बघते. एरवी गप्प असतो, पण काल जेवताना आपणहून बोलला. म्हणाला, ही कोकनी आता लाल होईल, ओढ्यात चढेल, अंडी घालेल आणि मरेल, सगळीच्या सगळी, ठरलेलं आहे. हवामानाच्या बातम्या सांगाव्यात तसं सांगितलं. मी म्हटलं, भात घे.

दहा ऑक्टोबरला माझं परतीचं तिकीट आहे. मी गेल्यावर या घरात त्याला भात घे म्हणणारंही कुणी नसेल. प्रीताला विचारलं, येशील का. ती म्हणाली, त्यानं बोलावलं तर येईन. तो बोलावणार नाही. तोही तुमच्यासारखाच आहे.

दोनदा फोन केला. एकदा तुम्ही ठेवलात, एकदा उचललाच नाहीत. लग्नाला तीस वर्षं झाली, मी तुमच्याकडे फारसं काही मागितलं नाही. आता मागते. या. व्हिसा आपला दोघांचाही दहा वर्षांचा झालेला आहे. त्याच्या लग्नानंतर दोघंही येणार होतो. काही बोलू नका, माफी मागू नका, नुसते त्याच्यासमोर येऊन बसा. तुम्हाला श्रीरामचं दुःख माझ्यापेक्षा जास्त झालंय असं मी एकदा मान्यही करीन, हवं तर लिहून देईन. पण या. मला एकटीला झेपत नाही.

शुभा


३० ऑगस्ट २००४

अहो,

हे पत्र कुरिअरनं पाठवतेय. काल रात्री फोन केला तेव्हा मी "ईशान तलावावर" एवढंच म्हणाले आणि तुम्ही ठेवलात. मग तुम्हीच उरलेलं वाक्य वाचा.

काल रविवार. तो पहाटे गेला. एरवी दुपारी जेवायला घरी असतो. दुपार उलटली, आला नाही. मोबाइल घरातच टेबलावर ठेवलेला, आणि पाकीट, आणि लग्नातली अंगठी. तिन्ही नीट ओळीनं. मी डॉनाला फोन केला. काय बोलले आठवत नाही, पण ती गाडी घेऊन लगेच आली. मला नेणार नव्हती. मी गाडीत जाऊन बसले, तेव्हा तिनं गाडी काढली.

त्या जानेवारीनंतर मी पाण्याजवळ गेलेले नाही, तुम्हाला ठाऊक आहे. काल बोटीत चढले. डॉनानं मला ते जॅकेट घातलं, पट्टे ओढले. वारा सुटला होता. वळणापलीकडे मधोमध त्याची बोट दिसली, इंजिन बंद. तो बोटीच्या काठावर बसला होता, पाय पाण्यात सोडून, अंगात जॅकेट नाही. इथलं पाणी असं आहे की हात घातला तर हाड दुखतं.

डॉनानं बोट लांबच थांबवली आणि त्याच्याशी हळूहळू बोलू लागली. त्यानं मान वळवली नाही. मी हाक मारली. तरी नाही. मी सांगितलं की मी आहे, तुझी आई. तो फक्त म्हणाला, "आई, तू घरी जा."

तेव्हा मी बोलले. आधी काही ठरवलं नव्हतं. म्हटलं, "ईशान, बाबांचा फोन आला होता. ते येतायत."

त्यानं पाहिलं माझ्याकडे. विचारलं, कधी?

माझ्या तोंडून निघालं, सोळा सप्टेंबरला. म्हणाले आणि जीभ चावली. अठराला गणेश चतुर्थी. तुम्ही आजवर कधी गणपती सोडला आहे का? तापात फणफणत पूजा केलीत. ज्या वर्षी श्रीराम गेला त्या वर्षीही बसवलात, कुणाशी न बोलता. हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. मला वाटलं, संपलं, खोटं पकडलं गेलं.

तो म्हणाला, "गणपती सोडून?"

मी म्हटलं, "हो. गणपती सोडून."

मी नजर हलवली नाही. नंतर त्यानं एक पाय वर घेतला, मग दुसरा. डॉनानं आमची बोट त्याच्या बोटीला लावली आणि त्याचा दंड धरला. पाय पांढरेफटक पडले होते. मी माझ्या पदरात धरून चोळत राहिले.

रात्री आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं. आज पुन्हा नेणार. धक्क्यावर राहिलेली त्याची बोट डॉना सकाळीच ओढून घेऊन गेली. प्रीतालाही मीच कळवलं, ती परवा येतेय. माझ्यानं जेवढं झालं तेवढं केलं.

आज सकाळी त्यानं मला विचारलं की बाबांचं विमान किती वाजता उतरतं. मी म्हटलं, संध्याकाळी, नक्की कळवतील. त्यानं विचारलं, त्यांना अजून कमी साखरेचा चहा लागतो का. मग वरच्या खोलीतली खोकी हलवून गादी घातली. बऱ्याच दिवसांनी त्यानं स्वतःहून काहीतरी हलवलं. मी जिन्याखाली उभी राहून ऐकत होते आणि मला धड रडताही येईना, कारण ते सगळं मी मारलेल्या थापेवर चाललं होतं.

तेव्हा आता ऐका. मूर्ती अनिल भावोजींकडे बसू दे. त्यांना काय सांगायचं ते सांगा, देवाला काही सांगायची गरज नाही. मुंबईहून तिकीट आपला राजीव काढून देईल, त्याच्या ट्रॅव्हल एजन्सीत मी निरोप ठेवला आहे. सोळाला संध्याकाळी ईशान बॉईसीच्या विमानतळावर उभा असेल. प्रीता आणि मी घरी थांबणार आहोत, तो म्हणाला की मी एकटाच जातो. मी तुमच्या नावावर खोटं बोलले आहे आणि त्यानं ते खरं मानलं आहे. तुम्ही उतरला नाहीत, तर तो तिथून घरी येणार नाही.

पासपोर्ट कपाटात, माझ्या साड्यांच्या खाली आहे. वाचून झालं असेल तर निघा.

शुभा